दिवा नसलेली खोली

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात उत्तरेकडे एक खोली होती आणि तिच्यात विजेचा दिवा नव्हता. अप्पा वीज खात्यात अभियंता असल्यामुळे पाहुण्यांना याची विशेष गंमत वाटे. घर बांधताना वायरमनने इतर खोल्यांप्रमाणे तिथेही होल्डर आणि बटणे बसवली होती. गृहप्रवेशाची माणसे पांगल्यावर अप्पा स्वतः शिडीवर चढले, होल्डर काढला, तारांची टोके चिकटपट्टीने गुंडाळली आणि त्या भोकावर एक पांढरे गोल झाकण बसवले. अर्ध्या जिल्ह्याला उजेड पुरवणारा माणूस बायकोला एक दिवा देत नाही, असे मामा प्रत्येक सणाला म्हणत, आणि अप्पांचे उत्तरही प्रत्येक सणाला तेच असे. "तिला आमचा चालत नाही, पावणं. तिची लाइन डायरेक्ट सूर्यावरनं हाय. बिल बी येत न्हाय."

त्या खोलीत आई चित्रे काढी. ती निसर्गचित्रे होती. पण निसर्ग म्हटल्यावर लोकांना जे अपेक्षित असते त्यातले त्यांत काही नसे. कॅनव्हासच्या तळाशी जमिनीची एक अरुंद पट्टी, कधी काळ्या मातीची, कधी वाळल्या गवताची, आणि वर सगळी हवा. आमची धाकटी काकू एकदा एका पूर्ण झालेल्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान हाय वैनी. वरचं भरून झालं की परत बोलवा." आई यावर मनापासून हसली. तिच्या मते काकूला चित्र बरोबर दिसले होते. सोलापूरच्या जमिनीला डोंगर नाही, समुद्र नाही, डोळा अडेल असे काही नाही. म्हणून उजेडाला इथे थांबायला जागा मिळत नाही आणि तो सगळा अंगावर येतो, असे ती म्हणे. अप्पांची बदली नातेपुत्याला होती त्या काळातली तिची चित्रे मोजकी आहेत. कालवा, ऊस, सगळीकडे ओले हिरवे. हिरवा रंग उजेड पिऊन टाकतो, अशी तिची तक्रार होती. करमाळ्याची बदली तिला मानवली. तिकडचे फोंडे माळ पाहून ती नव्या नवरीसारखी उत्साहात होती, असे अप्पा सांगत. मी तेव्हा लहान होते. मला त्या दोन्ही गावांतले फक्त शाळेचे फळे आठवतात.

तिच्या कामाची पद्धत मी इथे नीट नोंदवते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. रविवारी उजाडण्यापूर्वी ती आणि अप्पा स्कूटरवरून गावाबाहेर पडत. बहुतेक वेळा नान्नजच्या अलीकडच्या माळरानावर जात. बरोबर ना कॅनव्हास, ना वही, ना कॅमेरा. स्टीलच्या डब्यात धपाटे आणि शेंगाची चटणी, थर्मासमध्ये चहा. दोघे बांधावर बसत. आई पाहत असे. अप्पाही पाहत, निदान तसे दिसत तरी. पिवळा उजेड पांढरा झाला की दोघे उठत. घरी येऊन अप्पा आंघोळ करत, कपाळाला विभूती लावून स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खुर्चीवर बसत. आई परातीत ज्वारीचे पीठ मळायला घेई आणि मान वर न करता म्हणे, "हं. सांगा."

मग अप्पा तिला, तिने स्वतः नुकतेच पाहिलेले, सांगत.

"काय सांगू? आज उजेड उठायलाच तयार नव्हता. त्या टेकाडामागं पांघरून ओढून पडला होता. मग उठला तर एकदम ताक. लोनी काढून घेतलेलं, पातळ. सगळं गवतावर सांडलं."

"रंग?"

"रंग मला कशाला इचारतीस? गार होता बघ. हाताला लागला असता तर गार लागला असता."

"झाडं?"

"चार."

"तीन. चौथा तुमचा खांब."

"खांबाला बी झाडच म्हनायचं. आमच्या खात्यात त्याला नंबर असतोय, पाटी असतीय. तुज्या बाभळीला हाय का पाटी?"

अप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यात वाढले होते. घरात त्यांची आई कन्नड बोले, शाळा मराठी होती, आणि त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषांची भांडी एकमेकांवर आपटत. चित्रकलेतले त्यांना काहीही कळत नव्हते, हे ते अभिमानाने सांगत. पण ते बोलू लागले की आईच्या हातांचा वेग बदलत असे. भाकरी थापता थापता तळवा हळू होई. एखाद्या शब्दाला ती म्हणे, "थांबा. परत सांगा." अप्पा परत सांगत आणि परत सांगताना काहीतरी हमखास वाढवत. मग ती अर्धी थापलेली भाकरी परातीत तशीच टाकून हात धुई आणि उत्तरेच्या खोलीत निघून जाई. उरलेले पीठ माझ्या वाट्याला येई. भाकरी मी अशी शिकले. कोणी शिकवली म्हणून नव्हे, तर तवा तापलेला असे म्हणून. आमच्याकडे रविवारी पहिल्या एक-दोन भाकरी गोल आणि पातळ असत व बाकीच्या जाड, कडेने चिरलेल्या. अप्पा त्या चटणी आणि दह्याबरोबर न कुरकुरता खात आणि मला म्हणत, "अव्वा, तुजी भाकरी म्हंजी नकाशा हाय. ह्यो बघ, कर्नाटकची बॉर्डर." आपल्या मुलीला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणण्याची त्यांच्याकडची पद्धत होती.

अकरावीत विज्ञान शाखेत गेल्यावर मला या पद्धतीतला दोष दिसला आणि मी तो आईला दाखवला. तिने दृश्य स्वतः पाहिलेले असते. मग ते एका अप्रशिक्षित निरीक्षकाकडून, तेही तासाभराने, पुन्हा ऐकण्यात माहिती फक्त कमी होते. आईने ऐकून घेतले. मी पाहते तेव्हा मला फार दिसते, ती म्हणाली. तुझ्या अप्पांच्या तोंडून येते तेवढेच चित्रात मावते. चाळणी लागते. मी विचारले, पण चाळणीला चार झाडे दिसतात त्याचे काय? "तर मी चार काढते," ती म्हणाली. आणि खरोखरच त्या माळाच्या सगळ्या चित्रांत चार झाडे आहेत. आज मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे हवेतल्या धुळीमुळे प्रकाश कसा विखुरतो ते आम्ही मोजतो, आणि मोजमापातला गोंधळ कमी करण्यासाठी आमच्या यंत्रातही एक गाळणी असते. ती आम्ही दर आठवड्याला तपासतो. तिने एखादे झाड वाढवले तर आम्ही ती बदलू.

अप्पा गेले त्या वर्षी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात होते आणि वसतिगृहात राहत होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वावटळीने कुठल्याशा गावातल्या तारा तोडल्या होत्या. ते पाहायला अप्पा गेले, काम झाले, जीपमध्ये बसून त्यांनी ताक मागितले आणि ग्लास हातात असताना त्यांचे हृदय थांबले. मला फोनवर हे याच क्रमाने सांगण्यात आले आणि माझ्या डोक्यात ते आजही याच क्रमाने आहे. मला काही झाले नाही. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिते आहे. मी बसने आले, दारातल्या चपलांतून वाट काढत आत गेले, पाणी प्यायले. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात. मी तिथे गेले; कोणी अडवले नाही. खड्ड्याच्या कडेला वरची माती काळी होती, तिच्याखाली राखाडी थर होता आणि तळाला पिवळट मुरूम. मला थर दिसले आणि ते थर आहेत एवढेच मनात आले. जंगम स्वामी मंत्र म्हणत होते, मामा माझा दंड धरून उभे होते, आणि मला त्यांची पकड जाणवत होती ती दुसऱ्या कोणाच्या तरी दंडावर असावी तशी.

आईही रडली नाही. आलेल्या माणसांची जेवणे झाली का, हे ती विचारत राहिली. लोक आमच्या दोघींकडे जरा अपेक्षेने पाहत आणि मग घड्याळाकडे पाहत. दिवस झाले, शिवगणाराधना झाली, पाहुणे गेले. परीक्षा देऊन मी परत आले तेव्हा घरात फक्त आवाज उरले होते: सकाळी घंटागाडी, दुपारी कुकर, आणि दिवसभर शेजारच्या प्लॉटवर काँक्रीट कालवणाऱ्या यंत्राची घरघर. आम्ही दोघी जेवत होतो, झोपत होतो, एकमेकींना मीठ देत होतो. उत्तरेच्या खोलीत कॅनव्हास ताणून, पांढरा लेप देऊन भिंतीला टेकवून ठेवलेले होते. आईने त्यांच्यावर जुने लुगडे टाकले होते, धूळ बसू नये म्हणून.

मला दुसऱ्या एका शहरात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता. ती जागा मला शाळेपासून हवी होती आणि ती सोडण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, आईच्याही नाही. पण ऑगस्ट लागण्यापूर्वी आईने ब्रश हातात घेतलेला मला पाहायचा होता. चित्र नाही, तर आई सगळा दिवस काय करणार, हा प्रश्न मला दिसत होता आणि त्याचे उत्तर देऊन मगच मला गाडीत बसायचे होते. मी कारणाचा शोध घेतला. मला कारण खिडकीतून दिसले.

शेजारचा प्लॉट उत्तरेला होता आणि तो बागवानचाचांचा होता. त्यांचा फळांचा घाऊक व्यापार. दोन मुलगे, थोरल्याची बायको घरात, धाकट्याची यायची, आणि आता दोघांसाठी दोन मजले. अप्पा गेले तेव्हा त्यांनी बांधकाम आपणहून काही दिवस बंद ठेवले होते आणि चाची रोज कापलेली डाळिंबे, कलिंगडे पाठवत होत्या. आमच्याकडचे चुलीचे नियम त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक होते, म्हणून फक्त फळे. मग काम पुन्हा सुरू झाले आणि भिंत वर चढू लागली. आईच्या खिडकीत पूर्वी नुसते आकाश होते. आता खालच्या अर्ध्या भागात विटा होत्या आणि त्या वाढत होत्या. उत्तरेचा उजेड चित्रकाराला का हवा असतो ते सोपे आहे: त्या दिशेने ऊन थेट आत येत नाही, आकाशाचा सौम्य प्रकाश येतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. तो जात होता. आईने चित्र थांबवले तो काळ आणि भिंत उठली तो काळ एकच होता. मी एका मैत्रिणीच्या कॉलेजातून प्रकाश मोजण्याचे यंत्र आणले, आईच्या स्टुलावर ठेवून रोज ठरल्या वेळी नोंद घेतली आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आलेख काढला. रेषा सुंदर उतरत होती. मला त्या दिवसांत ज्या थोड्या गोष्टींनी बरे वाटले त्यांत ती रेषा होती.

आलेख घेऊन मी बागवानचाचांकडे गेले. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून गवंड्याला पाणी मारायला सांगत होते. त्यांनी आलेख उलटा धरला, सरळ धरला, मग बाजूला ठेवला आणि मला बसायला सांगितले. भिंत तर आता खाली येणार नाही, ते म्हणाले. मजला मंजूर आहे, मुलगा लग्नाचा आहे. मी भिंत पाडायला सांगायला आलेच नव्हते. गिलावा झाल्यावर तिला कोणता रंग देणार, एवढेच मला विचारायचे होते, कारण आमच्या खोलीत आता आकाशाऐवजी त्यांची भिंत उजेड पाठवणार होती. मुलांनी पोपटी ठरवला होता. पोपटी भिंतीसमोर बसून आई रंग कसे पारखणार, हे मी समजावू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि संध्याकाळी रंगांचे कार्ड घेऊन स्वतः आमच्याकडे आले, चपला बाहेर काढून, खुर्चीच्या काठावर बसले.

"भाभी," ते म्हणाले, "दीवार आमची हाय, पन आमी तर आतून ऱ्हानार. बघनार तुमी. तुमच्या डोळ्यासमोर जिंदगीभर ऱ्हानार ती. रंग तुमीच सांगा."

आईने कार्ड हातात घेतले. तिने आयुष्यभर रंगच पारखले होते, आणि त्या कार्डावर तिची नजर कोणत्याच चौकोनावर थांबली नाही. तुम्हाला आवडेल तो लावा, ती म्हणाली. मुलांनी पोपटी म्हटले असेल तर पोपटी लावा. चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी पांढऱ्यावर बोट ठेवले, चकाकी नसलेल्या. निवड सरळ होती: पांढरा सर्वाधिक प्रकाश परत पाठवतो आणि त्यात स्वतःचे काही मिसळत नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की त्या भिंतीवर थेट ऊन पडणार आणि ते आमच्या खोलीत उसळणार, हेही मी गणित करून पाहिले होते. पण हिवाळा लांब होता. चाचा उठताना दाराशी थांबले. मुले रागावतील, म्हणाले, पण मल्लिनाथसाहेबांनी, अप्पांना ते असेच म्हणत, माझ्या गोडाऊनचे मीटर एका दिवसात बसवून दिले होते आणि चहासुद्धा घेतला नव्हता. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारले, "बेटा, भाभी रोयी की नाही अजून?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या.

भिंत पांढरी झाली. यंत्रावरचा आकडा चढला. पूर्वीइतका नाही, पण कामाला पुरेल इतका. आलेखाची रेषा वळून वर आली. त्या दुपारी मी यंत्र घेऊन खोलीत गेले तेव्हा आई स्टुलावर बसून ताटात मटकी निवडत होती. खोली उजेडाने इतकी भरली होती की मटकीतला प्रत्येक खडा वेगळा दिसत होता. लुगडे कॅनव्हासवर तसेच होते.

"जवळजवळ पहिल्यासारखा झाला," मी म्हणाले.

"झाला की. छान झालं."

"मग काढत का नाहीस?"

तिने ताट जरा तिरके केले, फोलपट फुंकले. "उजेडाला काय झालंय, गौरी? तो रोज येतोय. बघते मी. आता तर दोन बाजूंनी येतोय." मटकी पुन्हा पसरली. "मला सांगायला कोण आहे?"

मी उभी होते. यंत्र हातात चालूच होते आणि आकडा माझ्या सावलीमुळे खाली आला होता. भिंत उठत असताना घरात आणखी एक गोष्ट थांबली होती आणि ती माझ्या कॅलेंडरवर कुठेच नव्हती, कारण ती मोजायचे यंत्र नव्हते. लहानपणापासून दर रविवारी मी ती ऐकली होती, भाकरीच्या आवाजासारखी, पाठीमागे चालणारी. मी यंत्र बंद केले. रविवारी माळावर जाऊ, म्हणाले.  शनिवारी आईने धपाट्यांचे पीठ भिजवले.

स्कूटर बऱ्याच किका खाऊन सुरू झाली. आई पूर्वीसारखीच एका बाजूला पाय टाकून बसली, मात्र माझा कुर्ता न धरता तिने सीटची कडी धरली. पाऊस लांबला होता. माळावर धुळीचा वारा होता, गवत मागच्या वर्षीचे, भुरे. बांधावर आम्ही दोघी बसलो, मध्ये डबा. समोर उतार, पलीकडे टेकाड, तीन बाभळी आणि थोड्या अंतरावर विजेचा सिमेंटचा खांब. उजेड आला. आई पाहत होती. मीही लक्षपूर्वक पाहिले. एखादी परीक्षा असावी तसे, पाठ करत. मला काही वाटते का याची मी आतून एकदा तपासणी केली. नव्हते वाटत. धपाटे गार झाले होते आणि चटणीत मीठ नेहमीपेक्षा कमी होते. उजेड पांढरा झाला तेव्हा आई उठली आणि तिने साडीला लागलेली कुसळे काढली.

घरी आल्यावर मी अप्पांच्या खुर्चीवर बसले नाही. ओट्याला टेकून उभी राहिले. आईने पीठ मळले, गोळा केला, थापायला घेतला. तवा तापत होता.

"हं," ती म्हणाली. "सांग."

मी सांगितले. क्षितिजालगत धुळीचा थर होता, त्यामुळे सूर्य उगवतानाच फिका होता. खालचे आकाश पांढुरके, वर जावे तसे निळे, पण तो निळाही मळका. गवताचा रंग आधी तांबूस दिसत होता आणि मग पिवळट. गवत तेच होते, पडणारा प्रकाश बदलत होता. सावल्या लांब होत्या आणि त्यांच्या कडा अस्पष्ट होत्या. मी क्रमाने सांगितले, काही गाळले नाही. आईचे हात एकाच वेगाने चालत राहिले. पहिली भाकरी तव्यावर गेली, तिच्यावर पाणी फिरले, ती उलटली, फुगली, टोपलीत आली. गोल, पातळ.

"तू खरं सांगतेस," आई म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "तुझे अप्पा थोडं खोटं सांगायचे. खऱ्याचं मी काय करू? खरं मलापण दिसलं होतं."

मी म्हणाले, उजेड ताकासारखा होता. "ते अप्पांचं," ती म्हणाली, आणि ते बरोबर होते. दुसरी भाकरी तव्यावर गेली. मला पुढच्याच आठवड्यात निघायचे होते, बॅग बाहेरच्या खोलीत अर्धी भरलेली होती, आणि माझ्याजवळ सांगायला काहीही उरले नव्हते. आईने तिसरा गोळा घेतला. सवयीने, वर न पाहता, तिने विचारले, "झाडं किती होती?"

"चार," मी म्हणाले.

तळवा पिठावर थांबला. "चौथं कुठलं?"

"शेवटचं. त्याला फांद्या नव्हत्या. तारा होत्या." मला पुढचा शब्द आधी माहीत नव्हता, माझ्या बाबतीत हे क्वचितच होते. "तारा धरून उभं होतं ते. बाकीची तिघं आपापली उभी होती. ह्याला पलीकडचं काहीतरी धरायचं होतं. तारा कुठं जात होत्या ते दिसलं नाही. धुळीत जात होत्या."

आईने पिठावरून हात उचलला.

"थांब," ती म्हणाली. "परत सांग."

मी परत सांगितले. परत सांगताना त्यात एक वाक्य वाढले. ते मी इथे लिहीत नाही.

ते चित्र आता माझ्याकडे आहे. खाली भुरी पट्टी, वर हवा, चार झाडे, आणि चौथ्यापासून निघालेल्या दोन तारा कॅनव्हासच्या उजव्या कडेपर्यंत जातात आणि तिथे संपतात, म्हणजे चित्र संपते. तिच्या चित्रांत तारा त्यापूर्वी कधी नव्हत्या. तिच्या अलीकडच्या कामाविषयी, विशेषतः हिवाळ्यातल्या कामाविषयी, लोक लिहितात की त्यात समोरून येणारा एक दुसरा, अनाकलनीय उजेड आहे. एकाने त्याला विरहाचा प्रकाश असे म्हटले आहे. ती बागवानचाचांची भिंत आहे. दिवाळीनंतर तिच्यावर ऊन पडते. मी रविवारी सकाळी आईला फोन करते. ती आता मामांच्या मुलीबरोबर किंवा चाचींच्या धाकट्या सुनेबरोबर माळावर जाऊन आलेली असते, आणि मी त्या दिवशीचा माळ पाहिलेला नसतो; तरी ती फोन कानाशी धरून पीठ मळते आणि मला म्हणते, सांग. मी माझ्या खिडकीबाहेर काय आहे ते सांगते. बहुधा एक पाण्याची टाकी असते.

त्या सकाळी मात्र तिने हात धुतले, पदराला पुसले आणि ती उत्तरेच्या खोलीत गेली. लुगडे ओढल्याचा आवाज आला, मग कॅनव्हास सरकवल्याचा, मग काही नाही. तव्यावरची भाकरी एका बाजूने काळी पडत होती. मी ती उलटली. परातीत तिसरी अर्धी थापलेली पडली होती, तिच्यावर आईच्या बोटांचे ठसे होते. मी ती ओढून घेतली आणि कडेने हात फिरवू लागले. कड चिरली. मी पाण्याचा हात लावला, ती पुन्हा चिरली, आणि मी ती तशीच तव्यावर टाकली.